आठ बाइटांचा अडसर

घरातील इंटरनेट पूर्णपणे बंद पडले तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण वायर तुटलेली असते, फायबरच्या डबीवरचा लाल दिवा लुकलुकत असतो किंवा महिन्याचे पैसे भरायचे राहिलेले असतात. खरी पंचाईत होते ती अर्धवट बंद पडलेल्या जोडणीत. यूट्यूबची चित्रफीत न अडखळता चालते, व्हॉट्सॲपचे संदेश येत-जात राहतात, वेग मोजणारे पान समाधानकारक आकडा दाखवते, आणि तरीही बँकेचे किंवा एखाद्या विद्यापीठाचे पान मात्र उघडता उघडत नाही, नुसते चाक फिरत राहते. बोलण्यात याला ‘राउटर हँग झाला’ असे म्हणतात, पण हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते, कारण खरोखरच थिजलेला राउटर आवडनिवड करीत नाही, तो सगळेच थांबवतो. काही संकेतस्थळे चालतात आणि काही चालत नाहीत, हा भेद स्वतःच एक पुरावा असून तो नीट वाचला तर निम्मे काम तेथेच होते. राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याच्या सवयीने नेमका हाच पुरावा वाचायचा राहून जातो.

पान ‘उघडते’ म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, हे आधी पाहिले पाहिजे. ब्राउझर प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधतो, आणि नाव-पत्त्याची ही सार्वत्रिक वही म्हणजे डीएनएस. पत्ता मिळाल्यावर तो दूरच्या सर्व्हरशी तीन छोट्या निरोपांची देवाणघेवाण करून जोडणी प्रस्थापित करतो. मग दोघे मिळून गुप्ततेच्या किल्ल्या ठरवतात आणि त्या वेळी सर्व्हर आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र पाठवतो. त्यानंतरच पानाचा मजकूर येऊ लागतो. हा सगळा व्यवहार पॅकेटांतून चालतो, म्हणजे मोठी माहिती छोट्या तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालून ती रवाना केली जाते. पहिले निरोप फार लहान, साठ-सत्तर बाइटांच्या आतबाहेरचे असतात, तर प्रमाणपत्र मात्र काही हजार बाइटांचे असल्याने ते पाठवताना सर्व्हर पॅकेटे काठोकाठ भरतो. ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘सुरक्षित जोडणी प्रस्थापित होत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसून ती तेथेच रेंगाळत असेल, तर पत्ता सापडला आहे, सर्व्हर भेटला आहे आणि गाडी पहिल्या मोठ्या पॅकेटावर अडली आहे, असा तर्क करण्यास पुरेसा आधार मिळतो.

पॅकेट किती मोठे असावे याचा निर्णय फार जुना आहे. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या इथरनेटच्या मानकात एका चौकटीत जास्तीत जास्त १५०० बाइटांचा माल मावेल असे ठरले आणि संगणकांची ताकद कित्येक पटींनी वाढूनही सार्वजनिक इंटरनेटवर तोच आकडा टिकून राहिला. एखाद्या मार्गावरून न तोडता जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटाच्या मापाला एमटीयू म्हणतात. घरातील संगणक आणि दूरचा सर्व्हर हे दोघेही इथरनेटवर असल्याने आपल्यामधला रस्ता १५०० बाइटांचाच आहे असे धरून चालतात. मधला एखादा टप्पा अरुंद असू शकतो, याची त्यांना कल्पना नसते.

भारतातील अनेक घरांत हा अरुंद टप्पा असतोच. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली तेव्हापासून आजच्या स्थानिक केबलचालकांच्या फायबर जोडण्यांपर्यंत, ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी राउटरमध्ये यूजरनेम आणि पासवर्ड भरण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे तांत्रिक नाव पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल ओव्हर इथरनेट, म्हणजेच पीपीपीओई असे आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २५१६ या दस्तऐवजात तिचे नियम दिले आहेत. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित टिपणे.) या पद्धतीत प्रत्येक पॅकेटाभोवती आठ बाइटांचे आणखी एक वेष्टन चढते, त्यामुळे १५०० पैकी आतल्या मालासाठी १४९२ बाइटच उरतात. ही आठ बाइटांची तूट क्षुल्लक वाटते, आणि ८९२ बाइटांच्या पॅकेटाला ती खरोखरच क्षुल्लक असते, पण १५०० बाइटांच्या पॅकेटाची वाट ती पूर्णपणे अडवते.

रेल्वेच्या फाटकाआधी रस्त्यावर उंची-मर्यादेची लोखंडी कमान उभारलेली असते, तिच्याखालून ठरावीक उंचीचीच वाहने जातात. दुचाकी, रिक्षा, मोटारी दिवसभर निर्धोक ये-जा करतात आणि कमान आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण कडब्याने उंच भरलेला ट्रक आला की तो अडतो. आता समजा की त्या ट्रकला पुढेही जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही आणि ‘माल कमी उंचीचा भरा’ हा फाटकवाल्याचा निरोपही माल भरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तो बिचारा पहिला ट्रक वाटेत हरवला असे समजून दुसरा ट्रक तितक्याच उंचीचा भरून पाठवतो, मग तिसरा, मग चौथा, आणि दरवेळी आधीपेक्षा जास्त वेळ थांबून. पडद्यावर फिरत राहणाऱ्या चाकामागे बहुधा असेच ट्रक अडलेले असतात.

हा निरोप पोहोचवण्याची सोय इंटरनेटच्या रचनेत मुळातच आहे. जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये लिहिलेल्या आरएफसी ११९१ नुसार पाठवणारा प्रत्येक पॅकेटावर ‘तोडू नये’ अशी खूण करतो, अरुंद टप्प्यावरचा राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि ‘येथून अमुक बाइटच जातील’ असा निरोप उलट पाठवतो, आणि तो मिळताच पाठवणारा पॅकेटे लहान करतो. हे निरोप आयसीएमपी नावाच्या स्वतंत्र प्रकारात मोडतात. दुर्दैवाने पिंग या ओळखीच्या तपासणीचे निरोपही त्याच प्रकारातले. १९९६च्या सुमारास नियमबाह्य मोठे पिंग पाठवून दूरचा संगणक कोसळवण्याची युक्ती ‘पिंग ऑफ डेथ’ या नावाने गाजली, तेव्हा अनेक ठिकाणच्या संगणक-व्यवस्थापकांनी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपीचे सारेच निरोप दारावर अडवायला सुरुवात केली. मूळ दोष संगणकांत केव्हाच दुरुस्त झाला, पण अडवण्याची सवय राहिली. सप्टेंबर २००० मधील आरएफसी २९२३ ने या सवयीचे परिणाम नोंदवले आहेत आणि निरोप गिळून टाकणाऱ्या अशा मार्गांना तंत्रज्ञ ‘कृष्णविवर’ म्हणतात. चोराच्या भीतीने पोस्टमनलाही फाटकाबाहेर ठेवावे, तशातला हा प्रकार आहे.

ठरावीकच संकेतस्थळे का अडतात, याचे उत्तर यात आहे. सर्व्हरच्या दारावरील सुरक्षाभिंत आयसीएमपीचे निरोप आत घेते की नाही, यावर ते पान उघडणार की नाही हे ठरते. घरची जोडणी तीच असूनही एक सर्व्हर निरोप ऐकून शहाणा होतो आणि दुसरा तितकेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा धाडत राहतो. मोठ्या सेवांची पाने सहसा अडत नाहीत, यालाही कारण आहे. त्यांपैकी अनेकांनी क्विक नावाची नवी वाहतूक-पद्धत स्वीकारली असून मे २०२१ मधील आरएफसी ९००० नुसार तिची सुरुवातच १२०० बाइटांच्या आसपासच्या पॅकेटांनी होते आणि आडवी कमान आली तरी ती खालून निघून जाते. म्हणून यूट्यूब चालतो याचा अर्थ रस्ता निर्दोष आहे, असा होत नाही. बिघाड उलट्या दिशेनेही होऊ शकतो. मेल वाचता येतो, दोन ओळींचे उत्तरही जाते, पण पाच पानांची पीडीएफ जोडली की ‘पाठवत आहे’ या पायरीवर सगळे थांबते. येथे मोठी पॅकेटे घरातून बाहेर निघालेली असतात आणि त्यांना अडवणारा पण कारण न सांगणारा फाटकवाला बहुधा घरातलाच राउटर असतो.

या तर्काची खात्री करण्यास कोणतेही विशेष साधन लागत नाही, विंडोज असलेला कोणताही लॅपटॉप पुरतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यासह पिंगची आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे ‘तोडू नये’ हे सांगणारा उणे-एफ व माप सांगणारा उणे-एल हे दोन पर्याय लावून, माप आधी १०० सारखे लहान ठेवावे. ज्या पत्त्याकडून उत्तर येत नाही तो या परीक्षेसाठी निरुपयोगी, कारण अनेक सर्व्हर पिंगला मुळीच उत्तर देत नाहीत. लहान मापाला उत्तर देणारा पत्ता सापडला की माप १४७२ करावे. हा आकडा विचित्र वाटला तरी त्याचा हिशेब सरळ आहे, कारण पिंगचे आठ आणि पत्त्याच्या शीर्षाचे वीस असे अठ्ठावीस बाइट त्यात मिळवले की बरोबर १५०० होतात. पीपीपीओई जोडणीवर हे पॅकेट जाणारच नाही, मात्र ते न जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. ‘पॅकेट तोडावे लागेल, पण तोडू नये अशी खूण आहे’ अशा अर्थाची ओळ उमटली तर फाटकवाला आपले काम करतो आहे. नुसतेच ‘विनंतीची मुदत संपली’ असे दिसले तर निरोप कोठेतरी गिळला जात आहे. त्यानंतर माप १४६४ वर आणावे, म्हणजे एकूण १४९२, आणि तेही गेले नाही तर दहा-दहाने उतरत जावे. जे सर्वांत मोठे माप सुखरूप जाते, त्यात अठ्ठावीस मिळवले की मार्गाचा अंदाजे एमटीयू हाती येतो.

उपाय राउटरच्या सेटिंगच्या पानावर असतो. इंटरनेट किंवा वॅन या शीर्षकाखाली एमटीयूचा रकाना सापडतो आणि पीपीपीओई जोडणी असूनही तेथे १५०० लिहिलेले असेल तर तो आकडा १४९२ किंवा परीक्षेत निघालेला करावा. याहून नेमका उपाय म्हणजे एमएसएस क्लॅम्पिंग. जोडणी होताना दोन्ही बाजू ‘मला एका वेळी इतकाच माल पाठवा’ असे एकमेकींना कळवतात, त्या मापाला एमएसएस म्हणतात आणि नेहमीच्या इथरनेटवर ते १४६० असते. क्लॅम्पिंग चालू असलेला राउटर जाता जाता हा आकडा खोडून १४५२ लिहितो, त्यामुळे समोरचा सर्व्हर मुळातच ट्रक कमी उंचीचा भरतो आणि निरोप पोहोचण्या-न पोहोचण्याचा प्रश्नच उरत नाही. बहुतेक राउटरांत ही सोय न सांगता चालू असते. ती बंद पडते ती प्रायः दुसराच राउटर मध्ये घातल्यावर, फायबरची डबी ब्रिज मोडवर टाकून यूजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरल्यावर, किंवा कोणीतरी एमटीयूचा रकाना ‘जास्त म्हणजे चांगले’ या समजुतीने १५०० वर नेल्यावर. कार्यालयाच्या व्हीपीएनवरून काम करणाऱ्यांना हीच अडचण दुप्पट जाणवते, कारण व्हीपीएन आणखी एक वेष्टन चढवते. वायरगार्ड या प्रचलित व्हीपीएनचे नेहमीचे माप १४२० धरलेले असते, ते याच कारणाने.

आयपी पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीत हा प्रश्न अधिक काटेकोर होतो. तिच्यात मधल्या राउटरला पॅकेट तोडण्याची मुभाच नाही, निरोप देणे एवढेच त्याचे काम, आणि कोणत्याही मार्गाने निदान १२८० बाइटांचे पॅकेट नेलेच पाहिजे, असा नियम आहे. आजचे ब्राउझर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांच्या मार्गांची शर्यत लावतात. आधी नव्या मार्गाने प्रयत्न करून, सेकंदाच्या चौथ्या हिश्शाच्या सुमारास उत्तर आले नाही तर जुन्या मार्गानेही हाक मारायची आणि जो आधी जोडला जाईल तो घ्यायचा, अशी ही पद्धत असून तिचे ‘हॅपी आयबॉल्स’ हे नाव तंत्रज्ञांच्या विनोदबुद्धीची साक्ष देते. गोम अशी की शर्यतीचा निकाल पहिल्या छोट्या पॅकेटांवर लागतो. नव्या मार्गावर कृष्णविवर असले तरी छोटी पॅकेटे त्यातून निघून जातात, तो मार्ग शर्यत जिंकतो आणि मग प्रमाणपत्राच्या मोठ्या पॅकेटाशी येऊन अडकतो. म्हणून संशय असेल तेव्हा लॅपटॉपवर सहावी आवृत्ती तात्पुरती बंद करून तेच पान पाहावे. ते लगेच उघडले तर दोष कोणत्या मार्गावर आहे हे कळते, मात्र ती कायमची बंद ठेवणे हा इलाज नव्हे.

पॅकेटाच्या मापाशी संबंध नसलेला पण लक्षणांनी फसवणारा आणखी एक बिघाड आहे. घरातील दहा-पंधरा साधने बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसावीत यासाठी राउटर नॅट नावाची व्यवस्था चालवतो, आणि कोणत्या साधनाची कोणती जोडणी कोठे गेली याची नोंदवही सतत लिहीत राहतो. स्वस्त राउटरांत या वहीला मोजकीच पाने असतात, तर आजचे एखादे साधे वृत्तपत्रीय पानही जाहिराती, अक्षरवळणे आणि चित्रे धरून डझनावारी जोडण्या उघडते. शिवाय जुन्या नोंदी पटकन पुसल्या जात नाहीत. अनेक राउटरांच्या पोटात असलेल्या लिनक्समध्ये चालू मानलेल्या जोडणीची मूळ मुदत तब्बल पाच दिवसांची आहे. वही भरली की चालू असलेली चित्रफीत विनासायास चालू राहते आणि नवे पान मात्र उघडत नाही, त्यामुळे हा ‘ठरावीक संकेतस्थळांचा’ दोष वाटू लागतो. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण म्हणजे राउटर बंद-चालू केल्यानंतरचे वागणे. नंतर काही तास सगळे सुरळीत चालून हळूहळू तक्रार परत येत असेल तर वही भरते आहे किंवा राउटर तापतो आहे, आणि बंद-चालू करूनही तेच पान त्याच पायरीवर अडत असेल तर तो पॅकेटाच्या मापाचा प्रश्न आहे. टॉरेंटसारखी शेकडो जोडण्या उघडणारी प्रणाली घरात चालत असेल, तर आधी तिच्याकडे पाहावे. राउटरवर क्रोशाचे आच्छादन घालून तो टीव्हीमागच्या बंद कप्प्यात ठेवण्याची हौसही या तापण्याला हातभार लावते.

डीएनएसचा दोष त्यामानाने लवकर उघडा पडतो, कारण नाव सापडले नाही तर ब्राउझर बहुधा रेंगाळत न बसता तसे सांगून मोकळा होतो. गूगलची ८.८.८.८ ही सेवा डिसेंबर २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही सेवा एप्रिल २०१८ पासून सर्वांना खुली आहे, त्यांपैकी एक भरून पाहिली की शंका फिटते. कधी पानाचे मुख्य नाव सापडते पण त्यातील एखादी अक्षरवळणाची किंवा पैसे भरण्याची फाइल दुसऱ्याच नावाच्या सर्व्हरवरून यायची असते आणि ती न आल्याने सगळे पान पांढरे राहते. एफ-१२ ही कळ दाबून ब्राउझरमधील नेटवर्कची यादी पाहिली तर नेमकी कोणती ओळ अडून बसली आहे, हे डोळ्यांना दिसते.

एप्रिल २०२४ मध्ये क्रोम ब्राउझरच्या १२४व्या आवृत्तीपासून एक नवे कारण यात जमा झाले. भविष्यातील क्वांटम संगणकांना तोंड देऊ शकेल अशी किल्ली ब्राउझर किल्ल्या ठरवण्याच्या पहिल्याच निरोपात पाठवू लागला, ती एकटीच हजारांहून अधिक बाइटांची असल्याने पूर्वी एका पॅकेटात मावणारा हा निरोप दोन पॅकेटांत जाऊ लागला आणि संकेतस्थळाचे नाव वाचून गाळणी करणारी काही जुनी सुरक्षा-साधने, तसेच काही सर्व्हर, दुसऱ्या पॅकेटाची वाटच पाहीनासे झाले. मुलांसाठीची गाळणी किंवा ‘सुरक्षा कवच’ अशा नावाची सोय राउटरमध्ये चालू असेल तर ती क्षणभर बंद करून पाहणे या कारणाने शहाणपणाचे ठरते. याउलट काही पाने मुद्दामच अडवलेली असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ अ खाली सरकारने रोखलेले संकेतस्थळ राउटर बदलून उघडणार नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला भारतातील काही सरकारी पाने उघडत नाहीत तेव्हाही दोष त्याच्या घरात नसतो, देशाबाहेरून येणारी विनंती ती पाने स्वतःच नाकारत असतात.

हे सारे प्रयोग करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. तोच लॅपटॉप, तोच ब्राउझर आणि तेच पान, पण जोडणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतलेली. पान उघडले तर लॅपटॉप आणि संकेतस्थळ दोन्ही सुटले, उरला राउटर आणि त्याच्यामागचा सेवादाता. या टप्प्यावर सेवादात्याकडे ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार केली की समोरचा कर्मचारी वेगाची चाचणी करायला सांगतो, वेग पुरेसा भरतो आणि तक्रार मिटल्याची नोंद होते. त्याऐवजी हॉटस्पॉटवर पान उघडते, घरच्या जोडणीवर १४६४ मापाचे पिंग जात नाही, अमुक माप जाते, आपल्या बाजूने एमएसएस क्लॅम्पिंग चालू आहे का हे तपासावे, असे नेमके शब्द वापरून तक्रार नोंदवावी आणि तिचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. राउटरमधील एमटीयूचा आकडा घरीच बदलणार असाल तर आधीचा आकडा आणि पीपीपीओईचे यूजरनेम-पासवर्ड कागदावर उतरवून ठेवा. राउटरच्या मागचे रीसेटचे बारीक छिद्र मात्र पिनने दाबू नका, कारण त्याने हे दोन्ही पुसले जाते आणि मग उघडणारी पानेही बंद होतात.